मालकीचा दाखला

गिऱ्हाईक म्हणालं, चालू नाही झालं तरी चालते,
कागद तेवढा द्या, ताई.
मुंबईचा शेठ विचारून राहिला,
आधी कोणाकोणाकडे होतं.
भोसल्यांकडचं होतं म्हणून लिहा न,
पंचवीस हजार वरचे येतात.

इतवारीत मे महिन्याची दुपार.
मी त्याला माठातलं पाणी दिलं
आणि पाठ उघडली. घड्याळाची.

समोरून ते राजवाड्याचंच वाटतं.
सोन्याचा मुलामा, टेकून बसलेली एक बाई,
मांडीवर पुस्तक, एक पाऊल उघडं.
चिनी मातीच्या तबकडीवर रोमन चार
चार उभ्या रेघांनी काढलेला.
खाली पॅरिस, आणि अर्धं पुसलेलं एक नाव.

पण समोर पाहून घड्याळ कोणाचं ते कळत नाही.
दुरुस्त करणारा आतल्या पितळेवर
सुईनं ओरखडून ठेवतो
तारीख, काम, आपली दोन अक्षरं.
मालकाला ती कधी दिसत नाहीत.

डोळ्याला भिंग लावलं.

सगळ्यात जुना ओरखडा इंग्रजी, १८९७.
तेव्हाचे मालक मेहेरवानजी गोटला,
गिरणीच्या कताई खात्यातले.
(हे बाबांनी सांगितलेलं. बाबांना त्यांच्या उस्तादांनी.)
उन्हाळ्यात लंबक लांबायचा,
भोंगा आधी व्हायचा, घड्याळ मागून यायचं.
वैतागून त्यांनी ते गहाण टाकलं
ते सोडवलंच नाही.

मग मोडीत: वैशाख शु. ३, तेल.
किसनलाल सुराणांची गादी.
तिथं अकरा वर्षं, त्यातली नऊ बंद.
मुनीम टोले मोजत बसतो म्हणून
शेठजींनी किल्ली तिजोरीत ठेवली होती.

मग लिलाव. पंच्याऐंशी रुपये.
सदरच्या सिस्टर यूनिस, सुईण,
तीन महिन्यांचा पगार एका घड्याळात.
त्यांना बाईचं पाऊल आवडलं होतं.
काचेचा घुमट मात्र हलवायानं आधीच नेला,
त्याच्याखाली बरीच वर्षं बालुशाही होती.

मे ६१, कमान नवी. वि. नि.
हे बाबा. विठोबा निनावे.
अक्षर इतकं बारीक की मला
भिंग काढून डोळा पुसावा लागला.

त्यानंतर पितळ कोरं.

मी विचारलं, यूनिसबाईंनंतर कोणाकडे गेलं?
तो कूलरकडे बघत राहिला.
मग म्हणाला, आईकडे.
आई त्यांच्याकडे भांडे घासे.
मरताना दोन ओळी लिहून दिल्या त्यांनी,
हे तुळसाचं.
पण तुम्ही ते लिहू नका.

आणि मग, कोणी विचारलं नसताना:
तेलंगखेडीच्या खोलीत आणलं रिक्षातून,
आईनं काटे हातानं फिरवले,
तवापासून टोले तीन पुढं.
पाचाला आठ पडायचे.
आम्ही पोरं तिथंच वजाबाकी शिकलो.
अकराला मात्र दोनच पडत,
तो हिशेब कोणालाच आला नाही.

टोल्यांचं चाक असंच असतं, मी सांगितलं.
किती वाजले त्याला माहीत नसतं,
मागचा टोला कितवा तेवढंच कळतं.
एका मिनिटाचं काम आहे. जुळवून देऊ?

त्यानं उत्तर दिलं नाही.

मी दुकानाच्या कागदावर लिहिलं:
गोटला, सुराणा, सिस्टर यूनिस,
तुळसाबाई हेडाऊ, सर्वांत जास्त वर्षे.
खाली सही, शिक्का.
त्यानं दोनदा वाचला, खिशात ठेवला,
फाडला नाही.
उद्या येतो म्हणाला.

आज सहावा दिवस.
घड्याळ चालतंय, थोडं मागे,
सेहेचाळीस डिग्रीत कोणीही मागेच पडेल.
संध्याकाळी पाचाला आठ पडले
तेव्हा समोरच्या पानवाल्यानं शटर अर्धं ओढलं,
मग आभाळाकडं बघून शिवी दिली.

सुई हातात आहे.
बाबांच्या खाली दोन बोटं जागा आहे.
तारीख टाकली. काम काय केलं ते
अजून लिहिलेलं नाही.